दुसऱ्यांदा वितळताना लाकूड-प्लास्टिकचं काय होतं

लाकूड-प्लास्टिकची, म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तंतू प्लास्टिकमध्ये मिसळून केलेली फळी दळून पुन्हा वितळवली की ताकद किती टक्के घटते, हा प्रश्न हमखास येतो. एका आकड्यात उत्तर देणारा बहुधा एकाच मालाबद्दल बोलत असतो. आधी विचारावं, भंगार कुठलं? कारखान्यातले कापलेले तुकडे, की अनेक वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली फळी?

कापलेल्या तुकड्यांचं फार बिघडत नाही. माल वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राच्या स्क्रूमध्ये तंतू तुटतात हे खरं, पण लाकडाच्या भुशाचा कण मुळात रुंदीच्या तीन-चार पट लांब. त्यात तुटायला उरतंय काय? लांब तंतूंच्या मालाला मात्र हा फेरा महाग पडतो, ताठपणा आणि ताकद दोन्ही उतरतात. गंमत म्हणजे त्याच घुसळणीत भुशाच्या गुठळ्या फुटतात, कणाकणावर प्लास्टिक चढतं आणि काही वेळा माल पहिल्यापेक्षा कमी पाणी शोषतो.

प्लास्टिकचं गणित वेगळं. पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, वितळलेला रस पातळ होतो. एचडीपीईच्या (जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या) साखळ्या तुटतात तशा एकमेकींना जोडल्याही जातात, म्हणून रस घट्टही होऊ शकतो. मेल्ट फ्लो, म्हणजे ठरावीक तापमानाला आणि वजनाखाली रस किती वाहतो, ते मोजा, पण पॉलिप्रॉपिलीनची नेहमीची 230 अंशांची चाचणी इथे नको. 200च्या वर लाकूड करपू लागतं. 190 अंश ठेवा. भुसा जास्त असेल तर 2.16 किलोच्या वजनाखाली रस नीट हलतच नाही, तिथे 21.6 किलो घ्या. नव्या-जुन्या मालाला वजन मात्र एकच हवं.

उघड्यावरच्या फळीचा करडा पापुद्रा म्हणजे उन्हाने लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारा घटक) गेलेलं लाकूड आणि ठिसूळ झालेलं प्लास्टिक. तो घासून काढला तर बरं. शिवाय आत मुरलेलं पाणी. फळी दळून केलेल्या 100 किलो दाण्यांत 1 टक्का ओल म्हणजे 1 किलो पाणी, आणि 180 अंशांना, हवेच्या दाबाखाली, त्याची सुमारे 2000 लिटर वाफ! डायमधून (यंत्राच्या तोंडाच्या साच्यातून) बाहेर पडताना माल फुगतो, आत पोकळ्या राहतात. दाणे 105 अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. बॅरलजवळ (स्क्रूभोवतीच्या तापत्या नळीजवळ) व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर लाकूड तापून विघटित होतंय, तापमान उतरवा.

आता सगळ्यात फसवी जागा. ताकद घटली म्हणून मॅलेइक गट असलेला कपलिंग एजंट, म्हणजे लाकूड आणि प्लास्टिक एकमेकांना जोडणारं रसायन, आणखी ओततात, तरी फरक पडत नाही. भंगारात वंगण म्हणून झिंक स्टिअरेट हा धातूचा साबण असेल, तर ते मॅलेइक गटांनाच अडवतं. लाकडाला धरायला ते मोकळे राहत नाहीत. अशा वेळी निदान नवं वंगण तरी धातूच्या साबणाचं नको.

लाकूड आणि प्लास्टिकचा सांधा टिकलाय का, हे तुटलेल्या तोंडावर भिंग धरून कळतं. कण आरपार तुटलेले दिसले तर पकड आहे. गुळगुळीत भोकं आणि उपसून आलेले स्वच्छ कण दिसले तर पकड सुटलीय, आणि त्या भोकांच्या वाटेनेच पुढे पाणी शिरणार.