दोन भागीदारांचा कारखाना

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरींचे अनेक छोटे कारखाने दोन भावांच्या किंवा दोन मित्रांच्या भागीदारीत चालतात. मागांची देखभाल एकाने पाहायची, सुताची खरेदी आणि उधारीची वसुली दुसऱ्याने, ही वाटणी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. भागीदारीचा करार असलाच तर तो बँकेने मागितला म्हणून छापील नमुन्यावर सह्या करून दिलेला असतो, आणि बहुधा दोघांपैकी एकजण गेल्यावरच तो कपाटातून बाहेर येतो.

१९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते. ‘मृत्यूनंतरही संस्था चालू राहील’ एवढे कलम घातले की काम झाले, असा समज आहे. पण भागीदार दोनच असतील तर त्या कलमाचा उपयोग होत नाही, कारण एकट्या माणसाची भागीदारी नसते. वारसांशी नवा करार होईपर्यंत बँक कॅश क्रेडिट खात्यावरचे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल देणाऱ्या कर्जखात्यावरचे, व्यवहार थांबवू शकते, आणि सूतवाल्याचा तगादा काही त्यासाठी थांबत नाही. यावर उपाय म्हणून पत्नीला किंवा कर्त्या मुलाला वेळीच तिसरा भागीदार करून घेता येते. मात्र संस्थेच्या देण्यांची अमर्याद जबाबदारी मग त्यांच्यावरही येते, हे त्यांना स्पष्ट सांगूनच सही घ्यावी. वारसांचा हिस्सा कसा मोजायचा, किती हप्त्यांत द्यायचा आणि कारखान्याची जागा संस्थेची की एकाच भावाच्या मालकीची, हेही करारात असावे. माझ्या मते बहुतेक भांडणांचे मूळ या जागेच्या प्रश्नातच असते, आणि भाऊभाऊ नेमका तोच विषय टाळतात.

संस्थेची नोंदणी सक्तीची नाही. तरीही ती करावी, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेला परगावच्या व्यापाऱ्याने माल घेऊन पैसे बुडवले तरी कराराच्या आधारे त्याच्यावर दावा लावता येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तर विनाशुल्क आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी माल पाठवण्याआधीच झालेली असावी.

राहिला घराचा प्रश्न. भागीदारीचे कर्ज फिटले नाही तर भागीदाराच्या खासगी मालमत्तेवरही जप्ती येऊ शकते. परंतु विवाहित पुरुषाने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी व मुलांसाठी आयुर्विमा घेतला, तर सावकारांना फसवण्याचा हेतू सिद्ध झाल्याशिवाय ती रक्कम त्याच्या देण्यांपोटी घेता येत नाही. त्यासाठीचा वेगळा अर्ज पॉलिसी घेतानाच भरावा लागतो आणि एजंट तो सहसा आपणहून पुढे करत नाही, तेव्हा प्रस्तावावर सही करण्यापूर्वी तो मागून घ्यावा.