रुळाची घंटा

ठण्ण... हा जो आवाज येतोय ना, तो घंटेचा नाही, रुळाचा आहे. रेल्वेच्या रुळाचा जुना तुकडा, आंब्याच्या फांदीला तारेनं टांगलेला. वसईत घंटांचं नशीबच वेगळं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि इथल्या चर्चच्या घंटा पार भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराला, वाईजवळच्या मेणवलीला जाऊन पोचल्या. आमच्या चर्चच्या मराठी शाळेच्या वाट्याला रूळ आला. चालतंय की, टोल दोन वाड्यांपलीकडे ऐकू जातो.

कॅथलिक शाळा म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यासमोर टाय, ब्लेझर आणि गुड मॉर्निंग फादर. इथे तसलं काही नव्हतं. चर्चच्या या पडवीत गोणपाट टाकून बसायचं, एकच मास्तर, रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, गाणारी पोरं तेच सांभाळणार आणि सोमवारी पावकी-निमकी तेच घोकून घेणार. घरात कादोडी, म्हणजे आमची सामवेदी बोली, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि मिस्सा लॅटिनमध्ये! कळायची कुणालाच नाही, पाठ मात्र सगळ्यांना. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची रोममधली मोठी सभा, झाली, १९६२ ते ६५, त्यानंतर मिस्सा मराठीत आली, आणि ती वाचायला, गायला जी माणसं उभी राहिली ना ती अशाच पडव्यांमधून निघालेली, हे कुणी लक्षातच घेत नाही. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा बाहेर लोकांना नवल वाटलं, फादर आणि मराठी? वसईत कुणाला नाही वाटलं.

आता ही इमारत. रविवारी मिस्सा संपली की घरी जायचं नाही, असा नियमच होता म्हणतात. पुरुष बैलगाडीनं रेती आणायचे, बायका लाल लुगडं खोचून घमेली वाहायच्या. पैसा केळीतून आला, पानवेलीतून आला, दुधातून, दादरला जाणाऱ्या फुलांतून, कुणी सुकेळ्यांचे पैसे दिले आणि ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो चार दिवस राबून गेला. या आज्जी तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. चुना कालवायला होत्या. त्यांचे हात बघा.

आणि ही कौलं, मे महिन्यात उतरवली तेव्हाची. एकेक पुसून रचून ठेवलंय, मागे ठसा आहे, बासेल मिशन. मंगळूरला १८६५ पासून कौलं पाडायचे ते, आणि मंडळी प्रोटेस्टंट! म्हणजे आमची कॅथलिक पोरं इतकी वर्षं प्रोटेस्टंट छपराखाली बसली, फादरना हे सांगितलं तर पोट धरून हसले.

हे जनरल रजिस्टर, पानं आता हात लावला की तुटतात. वडिलांच्या धंद्यापुढे शेती, शेती, शेती, मग मध्येच मासेमारी, मग परत शेती. नावं बघा, डिमेलो, त्याखाली पाटील, त्याखाली लोपीस, मग वारली पाड्यावरची दोन भावंडं. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. मुलींपुढे पान-पानभर एकच शब्द आहे, घरकाम. मग सिस्टर घरोघरी फिरायला लागल्या, आईबापांशी अंगणात बसून वाद घातले, बापानं नाही म्हटलं तर परत आठवड्यानं जायच्या, आणि चार-पाच वर्षांनी त्याच रकान्यात दिसतं, एसएससी पास. इथून पुढे शाई पण बदललीय.

कौलांच्या जागी स्लॅब येतोय, इंग्लिश मीडियमला जागा पुरत नाही, मराठीची पहिली यंदा भरली नाही.

रूळ मात्र तिथेच आहे. मध्ये इलेक्ट्रिक बेल बसवली होती, पहिल्याच पावसात शॉर्ट झाली. शिपाईमामा निघालेत बघा दांडा घेऊन, साडेपाच झाले.