रक्त न येणारी हिरडी

[दृश्य: सकाळ. भोसरी एमआयडीसीजवळची टपरी. रात्रपाळीवरून सुटलेले कामगार.]

रात्रपाळी सुटली की आधी चहा, आणि चहाबरोबर सिगरेट. भोसरीचा कारखाना असो नाहीतर हिंजवडीतली आयटी कंपनी, पुण्यातल्या टपऱ्यांवर ही जोडी ठरलेली. सुट्या सिगरेटच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०२० साली बंदी आली, पण दिवसाला किती ओढता असं विचारलं, तर उत्तर अजून नगावरच येतं. पाच-सहा. सात-आठ. कामाचा ताण असला तर जास्त.

हाच आकडा आता आपल्याला दवाखान्यात ऐकायचा आहे.

[दृश्य: दंत महाविद्यालयातला हिरड्यांच्या आजारांचा विभाग. प्रातिनिधिक प्रसंग.]

खुर्चीत बसलेले गृहस्थ पंचेचाळिशीचे असतील. खालचा पुढचा दात हलतोय, म्हणून आलेत. तपासणारी डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची.

"काका, ब्रश करताना रक्त येतं का?"

"नाही मॅडम. रक्त कधीच नाही. हिरड्या चांगल्यात माझ्या, दातच तेवढा हलतोय."

"आणि सिगरेट?"

"दहा-बारा होतात दिवसाला."

ही दोन उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ते काकांना कुणी कधी सांगितलेलं नाही.

दातांच्या मुळाशी जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. ही शरीराने दिलेली हाक असते. माणूस घाबरतो, डॉक्टरकडे जातो. सिगरेटमधलं निकोटिन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याची हिरडी फिकट, जाडसर, वरवर घट्ट दिसते. सूज कमी, रक्तही कमी. आत मात्र आजार चालूच असतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, प्राणवायू कमी असलेल्या खोल जागेत घातक जंतूंचं फावतं, आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. दुखत तर बहुतेक वेळा नाहीच. म्हणून सिगरेट ओढणारा माणूस हिरड्यांच्या डॉक्टरकडे येतो तो उशिरा, थेट दात हलायला लागल्यावर.

[दृश्य: जवळून. प्रोबचं टोक हिरडीच्या कडेने आत सरकतं. त्यावरच्या मिलिमीटरच्या काळ्या खुणा.]

या बोथट टोकाच्या सळईला प्रोब म्हणतात. दात आणि हिरडी यांच्यामधली फट तिने मोजतात, एकेका दाताभोवती सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे मोठ्याने सांगते, शेजारचा विद्यार्थी लिहून घेतो. "तीन, दोन, तीन." इथवर ठीक. "पाच, सहा, सात." निरोगी हिरडीत हा आकडा तीनच्या पुढे सहसा जात नाही. सात म्हणजे दाताच्या कडेने खोल खिसा तयार झालाय, जिथे ब्रश कधी पोहोचूच शकत नाही. प्रोब बाहेर येतो. टोकाला रक्ताचा जेमतेम ठिपका.

लोक या आजाराला पायरिया म्हणतात आणि वयावर ढकलतात. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात मोठी राष्ट्रीय आरोग्य पाहणी झाली. सिगरेट ओढणाऱ्यांत हा आजार असण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघाली. आणि २०१८ साली जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराचं नवं वर्गीकरण जाहीर केलं, त्यात दिवसाला दहा किंवा जास्त सिगरेटी असतील, तर आजार सर्वांत वेगाने वाढणाऱ्या गटात धरतात. काकांचा "दहा-बारा" केसपेपरवर लिहिला जातो तो यासाठी.

[दृश्य: उपचार सुरू. पाण्याचा फवारा, मशीनचा बारीक आवाज.]

उपचाराची सुरुवात सगळ्यांना सारखीच. कीटण काढायचं, मग भूल देऊन हिरडीखाली मुळं साफ करायची. "दात साफ केले की फटी पडतात, दात हलायला लागतात," हे पुण्यात घरोघरी ऐकू येतं. त्या फटी आधीच पडलेल्या असतात. कीटणाने त्या बुजवलेल्या असतात, इतकंच. या गैरसमजापायी लोक वर्षं घालवतात आणि वाचण्यासारखे दात जातात, याचं फार वाईट वाटतं.

काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप. न ओढणाऱ्याची हिरडी एव्हाना दाताला बरीच चिकटून आलेली असते, खिसे उथळ झालेले असतात. सिगरेट चालू असेल तर तेच हात, तीच हत्यारं, तेवढाच खर्च, पण खिसे तेवढे भरत नाहीत. हिरडी उघडून शस्त्रक्रिया केली तरी फायदा कमी. गेलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवला तर तो निकामी होण्याचा धोकाही जास्त. म्हणून सिगरेट सोडणं हा उपचाराचाच भाग आहे, भूल आणि सफाईइतकाच.

[दृश्य: डॉक्टर आणि काका समोरासमोर.]

"काका, एक आधीच सांगून ठेवते. सिगरेट सोडलीत की थोडे दिवस हिरडीतून रक्त येईल. घाबरू नका."

"म्हणजे सोडल्यावर बिघडणार?"

"नाही. तिथला रक्तपुरवठा परत सुरू होतोय, म्हणून येतं. ब्रश थांबवायचा नाही. आणि सफाईच्या तारखा चुकवायच्या नाहीत."

हे आधी सांगितलं नाही, तर माणूस हमखास म्हणतो, ओढत होतो तेच बरं होतं. कुणी दुखऱ्या हिरडीवर मिश्री लावायला लागतं. तीही तंबाखूच, आणि थेट हिरडीवर चोळलेली.

तलफ आवरायला निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, पण दात हलत असताना चघळणं अवघड. अशांना कातडीवर लावायच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारता येतं. सिगरेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. तिथे फोन केला की सोडण्यासाठी मोफत समुपदेशन मिळतं.

झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. काकांचा खालचा दात राहील की नाही, हे आज सांगता येणार नाही. पण शेजारचे दात अजून घट्ट आहेत. त्या अमेरिकी पाहणीतच आणखी एक आकडा आहे: सिगरेट सोडून अकरा वर्षं झालेल्यांत हा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या बरोबरीला आला होता. काका आज पंचेचाळीसचे आहेत. डॉक्टरने त्यांना दीड महिन्यानंतरची तारीख दिली आहे. मोजमाप परत होणार, आणि दिवसाला किती, हेही परत विचारलं जाणार.