ध्यानाला बसल्यावर हिशेब कोण मांडतं?

(भुसावळ येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, उकाडा तुम्हालाही आहे आणि मलाही, तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण इगतपुरीला किंवा आणखी कुठे विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेले दिसतात. चेहऱ्यावरचं तेज वगैरे म्हणत नाही मी. मांडी घालायची पद्धतच सांगते. घरी परतल्यावर पहिला प्रश्न कोणता आला असेल, तेही सांगतो. ‘काय भेटलं तुले?’ शेजारी विचारतो, भाऊ विचारतो. आणि दोन दिवसांनी चहा गार आला म्हणून आवाज चढला, की बायको विचारते, ‘याच्यासाठी गेले होते का दहा दिवस?’

त्यांचं सोडा. तोच प्रश्न आपण आसनावर बसल्या बसल्या स्वतःला विचारत असतो. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोयंका 1969 साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र सुरू झालं. तिथली दिनचर्या गेलेल्यांना पाठ आहे. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, सुरुवातीचे दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहणं, आणि तिथून पुढे रोज तीनदा तासभर न हलता बसायचं. सहाव्या-सातव्या दिवशी एखाद्याच्या अंगात डोक्यापासून पायापर्यंत बारीक लहरी सुरू होतात. दुखणं गेलेलं, शरीर हलकं. बस्स, त्या घटकेपासून गडी कामातून गेला! दुसऱ्या दिवशी तो लहरी शोधायलाच बसतो. सापडतो फक्त गुडघा. मग वर्षभर घरी बसतो, तेव्हाही तीच चौकशी: काल होतं, आज कुठे गेलं? ज्याला पहिल्या शिबिरात काहीच जाणवलं नाही, तो माझ्या मते अधिक नशीबवान. त्याच्याकडे तुलना करायला माल नसतो.

ही वाट पाहणं शरीरात कुठे बसतं, ते कधी पाहिलंय? आज रात्री बघा. भुवयांच्या मध्ये एक आठी असते, अगदी बारीक. दाढा एकमेकींवर टेकलेल्या असतात. श्वास येत नाही, आपण तो थोडा ओढून घेतो, कारण तो ‘चांगला’ यायला हवा असतो. आणि चार-पाच श्वास झाले की आतून कुणीतरी डोकावतं, लागलं का? आपल्या भुसावळच्या फलाटावर गाडीची वाट पाहणारा माणूस बाकावर बसलेला असतो खरा, पण त्याचा कान सगळा घोषणेकडे. मांडीवर पेपर उघडा आहे, एक ओळ वाचलेली नाही. आपण आसनावर तसे बसतो.

आता यावर लगेच उपाय निघतो, ‘अपेक्षा सोडून द्या.’ ऐकायला छान आहे. पण उद्या पहाटे तुम्ही काय कराल? बसाल आणि तपासाल, सुटली का अपेक्षा? हिशेबाची वही तीच, रकाना फक्त नवा. म्हणून मी सोडा म्हणत नाही, बघा म्हणतो. बुद्धांच्या उपदेशात ध्यानातल्या अडथळ्यांबद्दलची सूचना फार साधी आहे: मनात हाव आहे तेव्हा ‘आहे’ हे जाणावं, नाही तेव्हा ‘नाही’ हे जाणावं. तिला हाकलायला सांगितलेलं नाही. भुवयांमधली आठी दिसली, तर तेवढी बैठक कामी आली. आठी गेली नाही तरी.

आपल्या चांगदेवांचंच घ्या. मुक्ताईनगर तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, तिथलं जुनं दगडी देऊळ तुम्ही पाहिलेलं असेल. चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसणारा हा योगी. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि अडला कुठे, तर मायन्यावर! चिरंजीव लिहावं तर ज्ञानाने मोठा, तीर्थरूप लिहावं तर वयाने पोर. शेवटी कोरा कागद पाठवला. मुक्ताबाईने तो पाहून काय टोला हाणला, ते सांगायला नको. एवढी वर्षं जगून कोराच राहिला. मला त्या कथेत सिद्धी महत्त्वाच्या वाटत नाहीत. महत्त्वाचं हे, की मी कुठवर पोचलो आणि समोरचा कुठवर, या मोजमापात त्याचा हात थांबला. पुढे त्याच मुक्ताबाईला त्याने गुरू केलं, म्हणजे माणूस मोकळा होऊ शकला.

दुसरी गोष्ट आनंदाची, बुद्धांच्या सेवेत पंचवीस वर्षं राहिलेल्या भिक्खू आनंदाची. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती, म्हणजे उपदेश एकत्र म्हणून पक्का करायची भिक्खूंची सभा, भरायची होती. निवडलेले भिक्खू सगळे अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले, एकटा आनंद तेवढा नव्हता, आणि उपदेश सगळ्यांत जास्त पाठ त्यालाच. उद्या सभा. रात्रभर तो कायेवर लक्ष ठेवून साधना करत राहिला. पहाट झाली, काही घडलं नाही. आता जरा पडू या म्हणून कलला. पाय जमिनीवरून उचललेले, डोकं उशीला टेकायचं होतं, त्या मधल्या क्षणात त्याचं चित्त मुक्त झालं, असं परंपरा सांगते.

जळगावहून अजिंठ्याला गेलात, तर चित्रं झाल्यावर बारा क्रमांकाच्या लेण्यात डोकवा. चित्रांची गर्दी तिथे नसते. भिक्खूंच्या छोट्या खोल्या आहेत, खोलीत दगडात कोरलेले ओटे, आणि ओट्याच्या एका टोकाला दगडाचाच किंचित उंचवटा. उशी! मला ती पाहिली की आनंद आठवतो.

मात्र या गोष्टीचा सोयीस्कर अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. ‘बघा, झोपायला गेला आणि मिळालं, मग एवढा आटापिटा कशाला?’ अहो, तो रात्रभर जागला होता! मेहनत सोडली तर उरतो तो आळस, आणि आळसालाही अपेक्षा असतेच, फुकटात मिळण्याची. पहाटे उठायचं, ठरलेला वेळ बसायचं, हे आपल्या हातातलं. त्या वेळात काय येईल, ते आपल्या हातातलं नाही. शिबिराला जाताना ‘रागीटपणा कमी व्हावा’ असं मनात असेल, तर असू द्या. त्याशिवाय कुणी घर सोडत नाही. बैठक सुरू झाल्यावर मात्र दर पाच मिनिटांनी राग मोजू नका.

आणखी एक, हे फुटकळ वाटेल पण सांगतो. गुडघा खरोखर सुजला असेल तर खुर्चीवर बसा. मनात फार काळोख दाटत असेल, झोपच उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि शिबिराच्या अर्जात ते लिहा, तिथे विचारतात. बघत बसणं म्हणजे अंगावर काढणं नव्हे.

मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे. विचारा, ताई.