मिल्टनच्या सुनीताची आठवी ओळ

नमस्कार मंडळी, आज एकाच कवितेबद्दल बोलायचंय. इंग्रज कवी जॉन मिल्टनचं दृष्टी गेल्यावरचं सुनीत. 1652 पर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले होते, वय त्रेचाळीस.

सुनीत आपल्याला नवं नाही, केशवसुतांनी ते 1892 मध्येच मराठीत आणलं. चौदा ओळी, आधी आठ, मग सहा. मिल्टनने इटालियन घाट घेतलाय, म्हणजे पहिल्या आठ ओळींत दोनच यमकं, आणि नवव्या ओळीला कवितेनं वळण घ्यायचं. नवव्या ओळीला हं, एवढं लक्षात ठेवा.

आता मला फार आवडणारा किस्सा. दृष्टी गेल्यावर मिल्टन पहाटे उठायचा तेव्हा डोक्यात ओळी तयार असायच्या, पण लिहिणार कोण, लेखनिक यायची वाट बघत बसायचं, आणि त्याला उशीर झाला की हा कुरकुरायचा, 'अरे, माझी धार काढायची राहिलीय!' गाय तटतटते ना, तसं व्हायचं बिचाऱ्याचं. मग लेखनिक आला की खुर्चीच्या हातावर पाय टाकून, मागे रेलून बसायचा आणि एका दमात चाळीसेक ओळी सांगायचा, वर पुन्हा त्यातल्या निम्म्या छाटायचा, असं त्याचे जुने चरित्रकार सांगतात. हे सगळं कानावर चालायचं, फक्त कानावर. म्हणून मी म्हणतो पोरांना वृत्तं चालीवर म्हणायला शिकवा, नुसतं 'मासाजासतताग' घोकून शार्दूलविक्रीडित कुणाला कळलंय?

तर सुनीत. आधी तक्रार, देवा, उजेड काढून घेतलास आणि वर दिवसभराचं कामही मागतोस? वळण नवव्या ओळीला हवं, पण इथे आठव्या ओळीच्या मध्येच 'धीर' बोलायला लागतो, तक्रार पुरती व्हायच्या आतच तिला अडवतो. आठव्या ओळीच्या मध्येच! मिल्टनसारख्या पक्क्या माणसाकडून हे चुकून होत नाही.

वृत्त साधं आहे, ओळीत दहा अवयव, म्हणजे उच्चाराचे दहा तुकडे, पाच आघात, आधी हलका मग जड. पण वाक्यं ओळीत मावत नाहीत, पुढच्या ओळीत सांडत जातात, जीव घाबरा असल्यासारखी. शेवटची ओळ मात्र दहा अवयवांत चोख बसते, जे नुसते उभे राहून वाट बघतात तेही चाकरीच करतात.

आता मूळ इंग्रजी वाचतो, आठव्या ओळीपाशी कान द्या.