बल्क लोडर घेताना आधी फिल्म जाते तो मार्ग बघा
(तालुक्याच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फलकावर विषय लिहिलाच आहे: शंभर फुटी फिल्मसाठी लोडर कोणता घ्यावा आणि तो परवडतो का. लोडर म्हणजे ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याची फिल्म मोठ्या रोलमधून घरच्या घरी छोट्या रोलांत भरायची डबी. परवडण्याकडे येतोच. त्याआधी एक गोष्ट बोलून घेतो, कारण निवडीचा सगळा घोळ तिथेच होतो.

लोडर घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काउंटर आहे का भाऊ?" काउंटर काय करतो? गुंडाळलेल्या फ्रेम मोजतो. तो नसला तरी काही अडत नाही. एक फ्रेम म्हणजे आठ छिद्रं, म्हणजे ३८ मिलिमीटर. छत्तीस फ्रेमना १३६८ मिलिमीटर लागतात. पुढची जीभ आणि मागचं शेपूट धरून रोल साधारण १.६ मीटरचा होतो. तेवढी वाया गेलेली फिल्म उजेडात एकदा गुंडाळा, हँडलचे फेरे मोजा आणि तो आकडा झाकणावर लिहून ठेवा. मात्र बारा फ्रेमसाठी त्याचा तिसरा हिस्सा धरू नका. स्पूल, म्हणजे फिल्म गुंडाळायची रिळाची कांडी, बारीक असताना एका फेऱ्यात फिल्म कमी जाते, जाड झाल्यावर जास्त. बाराचं माप वेगळं घ्यावं लागतं.

खरा प्रश्न हा, की मोठ्या डब्यातून कॅसेटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात बसणाऱ्या छोट्या डबीत, जाताना फिल्म कशाला घासते? लॉइड पद्धतीच्या लोडरमध्ये उजेड अडवायला मखमलीच्या दोन पट्ट्या असतात आणि सगळीच्या सगळी फिल्म त्यांच्यामधून ओढली जाते. वॉटसनसारख्या लोडरमध्ये फिरवून उघडायची झडप असते. झाकण लावलं, झडप उघडली, की फिल्म कशालाही न शिवता जाते.

आता आपला मुलूख बघा. वेचणी झाली की जिनिंग सुरू होतं आणि रुईची तूस घराघरात शिरते, कपाटात ठेवलेल्या लोडरपर्यंत पोचते. उन्हाळ्यात धूळ असतेच. मखमल हे सगळं धरून ठेवते. त्यात वाळूचा एक कण अडकला, की फिल्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ उमटते. आकाशाच्या भागात ती रेघ अशी दिसते की प्रिंट बाद. आणि मग दोष कोणाला? कॅमेऱ्याला, नाहीतर लॅबवाल्याला! उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म मिळायची ते दिवस गेले. आज शंभर फुटांचा डबा परदेशातून येतो, आणि तो एका कणापायी खराब होतो. याची मला मनापासून चीड येते.

रेघ कुठे पडते हे शोधता येतं. हातभर वाया गेलेली फिल्म घ्या, नुसती लोडरमधून ओढा आणि ट्यूबलाइटखाली तिरपी धरून दोन्ही बाजू बघा. रेघ नाही? मग तीच कॅसेटच्या तोंडातून ओढा. तिथेही मखमल असते हे लोक विसरतात. तरीही नाही, तर कॅमेऱ्यातून फिरवा. इमल्शनच्या, म्हणजे फोटो उमटणाऱ्या थराच्या, उलट बाजूला रेघ आली, तर आधी कॅमेऱ्याची दाबपट्टी, म्हणजे मागून फिल्म सपाट दाबणारी पट्टी, तपासा. मखमल साफ करायला रबरी ब्लोअर वापरा, नंतर चिकटपट्टीने हलक्या हाताने तूस उचला. पाणी लावू नका. कॅसेटवर नंबर टाका म्हणजे रेघ पाडणारी सापडते. मखमल चपटी झाली की ती कॅसेट फेकून द्या.

झडपेत धोका आहे, तोही सांगतो. ती उघडी असताना झाकण काढलं तर आतल्या मोठ्या रोलला उजेड लागतो आणि एका झटक्यात बरेच रोल जातात. मखमलीच्या लोडरमध्ये ही चूक होऊच शकत नाही. म्हणून नवशिक्याला मखमलवाला द्या असं म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्यही आहे. तरी आपल्या भागात माझं मत झडपेलाच. झडपेच्या बंद आणि उघड्या जागी रंगाच्या खुणा करा, की विसर पडत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. आता भरभर.

मोठा रोल लोडरमध्ये पूर्ण अंधारात भरायचा. टिनाच्या खोलीत आधी दहा मिनिटं नुसते बसा. पत्र्याची बारीक भोकं तोवर दिसायला लागतात. मे महिन्यात चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात घालायच्या उजेडबंद काळ्या पिशवीत, हाताला घाम येतो, तेव्हा रात्र गाठा. रोलच्या टोकाची चिकटपट्टी हळू काढा. झटका दिला तर अंधारात ती चक्क चमकते. कोरड्या हवेत हँडलही सावकाश फिरवा, नाहीतर स्थिर विजेच्या ठिणग्यांचे डाग फिल्मवर येतात. फ्रीजमधला डबा पावसाळ्यात काही तास बाहेर ठेवूनच उघडा.

फिल्म स्पूलला दोन्ही बाजूंनी चिकटवा. उन्हात पट्टी सुटली तर शेवटच्या फ्रेमला फिल्म कॅमेऱ्यात मोकळी होते आणि मागे गुंडाळता येत नाही. तसं वाटलं तर कॅमेरा अंधारातच उघडा. इमल्शन आतल्या बाजूला हवं. चिकटवलेलं टोक उजेडात असतं, म्हणून शेवटच्या दोनेक फ्रेमवर महत्त्वाचा फोटो ठेवू नका.

हिशोब असा. शंभर फूट म्हणजे ३०.५ मीटर, त्यात साधारण अठरा रोल. डब्याच्या किमतीला अठराने भागा, तयार रोलच्या किमतीशी ताडा, आणि उरलेल्या फरकात लोडर किती रोलांत फिटतो ते काढा. वर्षाला चार-पाच रोल काढणाऱ्याने लोडर घेऊच नये. घेणार असाल तर एचपी५ प्लस, फोमापॅन किंवा कोडॅक डबल-एक्स यांसारखी कृष्णधवल फिल्म घ्या. जुन्या साठ्यातल्या बऱ्याच रंगीत सिने-फिल्मच्या पाठीवर रेमजेट नावाचा काजळीसारखा काळा थर असतो. तशी फिल्म सी-४१, म्हणजे नेहमीच्या रंगीत निगेटिव्हची धुलाई करणाऱ्या मशीनवाल्या लॅबला देऊ नका. आणि चारशे फुटी सिने-रोल या लोडरमध्ये बसत नाही, तो आधी अंधारात शंभर-शंभर फुटांत वाटून घ्यावा लागतो.