बेस्टची पायरी

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘बेस्टचा बसताफा : मालकीकडून भाडेतत्त्वाकडे’ असा छापला आहे, म्हणजे मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्ट उपक्रमाच्या गाड्यांविषयी, आणि त्याकडे मी येणार आहेच; परंतु आधी मला बसच्या पहिल्या पायरीविषयी थोडे बोलू द्यावे. ताफा कसा बदलत गेला हे रंगावरून, इंजिनावरून आणि तिकिटांवरून सांगणारे पुष्कळ आहेत. पायरीवरून सांगणारा मला अद्याप भेटलेला नाही.

इतिहास आपणा सर्वांस ठाऊक आहे, म्हणून तो धावतच सांगतो. १८७४ साली घोड्यांची ट्राम, १९०७ साली विजेची, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस, आणि १९३७ साली डबल डेकर. डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी ट्रॉलीबस १९६२ मध्ये आली आणि १९७१ मध्ये गेलीसुद्धा. बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली; तिची आठवण म्हणून दादर टी. टी. (ट्राम टर्मिनस) मधला पहिला ‘टी’ उरला आहे, आणि माझा नातू तिथे टेबल टेनिस कोण खेळते असे विचारतो. मागच्या रांगा हसल्या नाहीत. तिकडे बहुधा ट्राम पाहिलेली मंडळी बसली असावीत.

आता पायरी. आपल्याकडे एकमजली बस पुष्कळ काळ मालमोटारीच्याच सांगाड्यावर बांधली जात असे. इंजिन पुढे, त्याची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा दांडा गाडीच्या पोटाखालून गेलेला, आणि त्या दांड्याच्या वर बसचा तळ. साहजिकच माणसाला मालाच्या उंचीवर चढावे लागे. डबल डेकरचे तसे नव्हते. दोन मजले घेऊन झाडांच्या फांद्यांखालून आणि पुलांखालून जायचे, म्हणून तिचा सांगाडा मुळातच खाली दबवलेला असे. पुढे ट्रकसारखी सुटी केबिन लावलेल्या जोड-डबल डेकर आल्या, त्यांत तर इंजिनच केबिनीखाली गेल्यामुळे मागचा डबा आणखी मोकळा झाला.

माझी आई गुडघ्यांनी अधू होती. आम्ही लालबागला राहत असू आणि तिला डॉक्टरांकडे नेण्याचे काम माझ्याकडे असे. थांब्यावर एकमजली बस रिकामी आली तरी ती म्हणे, ‘‘जाऊ दे रे, मागून माडीची येईल.’’ मला ती हट्टी वाटे. एके दिवशी चिडून मी तिच्या शिवणयंत्राच्या खणातली टेप खिशात घातली आणि थांब्यावर आलेल्या एकमजली बसच्या दारात उकिडवा बसून पायरी मोजली. रस्त्यापासून सतरा इंच भरली. वरून वाहक ओरडले, ‘‘काय राव, बसला ब्लाउज शिवताय का?’’ आणि टण टण अशी दोरी ओढून मोकळे झाले. वीस मिनिटांनी डबल डेकर आली, तिची पायरी बारा इंच भरली. आईने पिशवी आधी आत ठेवली, डाव्या हाताने दांडी धरली, उजवा पाय टाकला आणि माझा हात न धरता आत गेली. पाच इंचांचा फरक तिच्या गुडघ्याला माझ्या टेपेच्या कितीतरी आधी कळला होता.

त्या रात्री मी एका संबंधित कार्यालयास चार पानी पत्र लिहिले, आकृतीसह. तीन महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले : ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ वर मायना होता, ‘श्रीमती’. आई ते पत्र शेजाऱ्यांना दाखवीत असे.

म्हणून १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची डिझेल डबल डेकर अंधेरीत हार घालून निरोपाला निघाली, तेव्हा सारे जण वरच्या मजल्यावरच्या पहिल्या सीटसाठी हळहळले. मला मात्र खालच्या मजल्याची पायरी आठवली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित डबल डेकर आली होती, तिला दोन जिने आहेत, आणि ती चढायला सोपी आहे हे मी मान्य करतो. टेप नेली होती.

इंजिन मागे गेल्यावर पुढचा तळ खाली आणता येतो, हे तंत्र आता सर्वांना ठाऊक आहे. लो फ्लोअर बसचा तळ सुमारे ४०० मिलिमीटरवर असतो, सेमी लो फ्लोअरचा ६५० वर. परंतु तो हिशेब फुटपाथाच्या कडेला लागून बस उभी राहील असे धरून केलेला असतो. आपल्याकडे थांब्यासमोर टॅक्सी आणि टेम्पो उभे असतात, बस दुसऱ्या रांगेत थांबते, आणि प्रवासी फुटपाथावरून उतरून मग पुन्हा चढतो. शिवाय पावसाळ्यात दादर-परळच्या सखल हिंदमाता भागात पाणी भरले की खालचा तळ हीच अडचण होते. त्या दिवशी मालमोटारीचा उंच सांगाडा बरा होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत, तेव्हा छापलेला विषय आता.

एके काळी बेस्टकडे स्वतःच्या चार हजारांहून अधिक बस होत्या. आज स्वतःच्या काही शेकड्यांवर आल्या असून भाड्याच्या धरूनही आकडा तीन हजारांच्या खाली आहे. भाडेतत्त्वात बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची असते, त्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात, आणि तिकिटाचे उत्पन्न उपक्रमाकडे येते. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपये झाले, वातानुकूलित बसचे ६. मे २०२५ मध्ये ते १० आणि १२ झाले. मधल्या वर्षांत काही कंत्राटदारांनी अंग काढून घेतले आणि त्यांच्या मिनी-मिडी गाड्या एका फटक्यात रस्त्यावरून गेल्या.

माझा मुद्दा एवढाच, की गाडी स्वतःची असताना तिची पायरी आगारातल्या अभियंत्याशी भांडून बदलता येण्याची निदान आशा होती. आता ती निविदेतल्या एका ओळीत ठरते आणि कंत्राट संपेपर्यंत तशीच राहते. ती ओळ निविदा निघण्याआधी प्रवाशांपुढे यावी, एवढी मागणी आहे. दुसरी चिठ्ठी आली, थांबतो. टेप माझ्या खिशात आहे. सभागृहाबाहेरच्या थांब्यावर कोणास यायचे असेल तर मी तिथे उभा आहे.